पदवी आहे, पण थांबायची ऐपत आहे का?

२०२४ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या मैदानी चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते. शिपाईपदाची पात्रता बारावी पास. अर्जदारांमध्ये बी.ए., बी.कॉम. झालेले तर होतेच, पण अभियंते आणि एमबीए केलेलेही होते. सोळाशे मीटर धावणे, शंभर मीटर धावणे, गोळाफेक आणि मग लेखी परीक्षा असा हा क्रम. त्यात पदवीला एकही गुण नाही. अशी बातमी आली की हळहळ ठरलेली असते. २०१५ साली उत्तर प्रदेशात कार्यालयीन शिपायाच्या (प्यून) ३६८ जागांसाठी तेवीस लाख अर्ज आले आणि त्यांत अडीचशेहून अधिक पीएचडीधारक निघाले, तेव्हाही ती हळहळ देशभर झाली होती. पात्रता होती पाचवी पास आणि सायकल चालवता येणे. या बातम्यांतून निघणारा निष्कर्षही एकच: आता पदवीला कोणी कुत्रे विचारत नाही. मग मुलांनी तीन-चार वर्षे आणि आईबापांनी काही लाख रुपये घालवायचे कशाला?

हा निष्कर्ष मान्य करण्याआधी थोडा हिशेब करून पाहू. पोलीस शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते. महागाई भत्ता आणि घरभाडे धरले की पहिल्याच वर्षी ते महिना तीस हजारांच्या वर जाते. आता अभियांत्रिकीच्या सर्वसाधारण कॉलेजात कॅम्पसला येणारी मोठी आयटी कंपनी घ्या. नवख्याला ती देते वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी वगैरे कापण्याआधी महिना एकोणतीस हजार. दहा-बारा वर्षांपूर्वीही आकडा जवळपास हाच होता. ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ साली १०० धरला, तर २०२४ मध्ये तो १९० च्या पुढे गेलेला आहे. याचा अर्थ तेव्हाच्या सव्वातीन लाखांची बरोबरी करायला आज सहा लाख लागतील. अशा वेळी कायम नोकरी, निश्चित पगार आणि समाजात वजन देणाऱ्या शिपाईपदासाठी अभियंत्याने धावायला जाणे यात वेडेपणा कुठे आहे? तो बाजारभाव नीट वाचतो आहे. या रांगेवरून पदवीच्या दर्जाविषयी फारसे काही कळत नाही. खाजगी क्षेत्रातली साधी नोकरी सरकारी नोकरीच्या किती खाली घसरली आहे, ते मात्र चांगलेच कळते.

तरीही पदवीधरांची बेरोजगारी हे वास्तव आहे, आणि आकडे पाहिले तर डोके चक्रावते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारतातल्या रोजगाराचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ साली तरुण पदवीधरांमध्ये बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये अवघे ३.४ टक्के. जितके शिकावे तितके बेकार, असा याचा सरळ अर्थ लावला जातो आणि तो चुकतो. सरकारी पाहणीत बेरोजगार कोणाला म्हणायचे? ज्याला काम नाही आणि जो काम शोधतो आहे किंवा करायला तयार आहे, त्याला. ज्याचे हातावर पोट आहे त्याला या रकान्यात बसणे परवडतच नाही. वीटभट्टी, बिगारी, ऊसतोड, जे मिळेल ते करावे लागते आणि तो आकडेवारीत 'रोजगार असलेला' म्हणून मोजला जातो. बेरोजगार राहायलाही घरात कोणीतरी कमावते लागते.

हे धागे जुळतात ते अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात. पंचविशीच्या आतल्या पदवीधरांपैकी ४२ टक्के बेरोजगार, हा त्यातला आकडा सगळीकडे छापून आला. त्याच तक्त्यातल्या पुढच्या ओळींकडे फारसे कोणी पाहिले नाही. पंचवीस ते एकोणतीस या वयात हे प्रमाण निम्म्यावर, सुमारे २३ टक्क्यांवर येते. तिशी ओलांडल्यावर दहाच्या आत. पस्तिशीनंतर पाचाच्याही खाली. पदवी खरोखरच बाद झालेली असती तर चाळिशीचा पदवीधरही बेकार दिसला असता. तसे दिसत नाही. पदवीधराला काम मिळते, पण पाच-सात-दहा वर्षांनी. आणि ते त्याला हवे होते तेच असते असे नाही. २०२४-२५ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनेही निम्म्याहून अधिक पदवीधर आपल्या शिक्षणापेक्षा खालच्या पातळीचे काम करत असल्याचे नोंदवले आहे. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की चित्र असे उभे राहते: पदवीधर आधी मनासारख्या नोकरीची वाट पाहतो, मग वाट पाहून थकतो, मग जे मिळेल ते घेतो. पदवीचे मोल घटले आहे की नाही या वादात ही मधली वर्षे गळून जातात. माझ्या मते सगळा प्रश्न त्या मधल्या वर्षांचा आहे. आजच्या बाजारात पदवी हा वाट पाहण्याचा परवाना झाला आहे, आणि किती काळ थांबायची ऐपत आहे यावर त्या परवान्याची किंमत ठरते.

हे काही आजचे नाही. मार्क ब्लॉग, रिचर्ड लेयर्ड आणि मॉरीन वुडहॉल या तीन अर्थशास्त्रज्ञांनी १९६९ साली भारतातल्या पदवीधरांच्या बेकारीवर अख्खे पुस्तक लिहिले. त्यांचाही निष्कर्ष साधारण असाच होता की हे लोक कायमचे बेकार नसतात, ते थांबलेले असतात, आणि एवढे थांबूनही पदवी घेणे व्यक्तीला परवडते. फरक पडला तो संख्येत. त्या काळी पदवीपर्यंत पोचणारेच मोजके. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीनुसार देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते आणि अठरा ते तेवीस वयोगटाशी त्यांचे प्रमाण २८.४ टक्के होते. महाराष्ट्रात या विस्ताराला १९८३ मध्ये मोठी चालना मिळाली. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि पुढच्या काळात, विशेषतः पश्चिम महाराष्ट्रात, साखर कारखान्यामागोमाग शिक्षणसंस्था उभी करणे हा पुढारीपणाचा शिरस्ताच झाला. त्या निर्णयाला नावे ठेवणे सोपे आहे. पण त्याआधी अभियांत्रिकीसाठी घरदार सोडून कर्नाटकात जाणारा किंवा जाताच न येणारा मुलगा गावाजवळ शिकू लागला, हेही त्याच निर्णयाचे फळ. कॉलेजे वाढली यात वाईट काही नव्हते. त्यांच्या वेगाने नोकऱ्या वाढल्या नाहीत.

पदव्या वाढतात आणि जागा वाढत नाहीत, तेव्हा काय होते हे मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडले. त्याला २००१ चे नोबेल मिळाले ते याच दिशेच्या कामासाठी. त्याचे म्हणणे साध्या भाषेत असे. मालकाला उमेदवाराची खरी कुवत दिसत नाही. म्हणून तो अशी खूण शोधतो, जी कुवत असलेल्याला सहज आणि नसलेल्याला कष्टाने मिळते. पदवी ही अशी एक खूण. तीत काय शिकवले याच्याशी मालकाला फारसे देणेघेणे नसले, तरी ती चाळणीचे काम करते. आता खूण सगळ्यांकडेच असली तर चाळणी निकामी होते आणि मालक भोके बारीक करतो. आपल्याकडच्या कॅम्पस मुलाखतींच्या सूचनाफलकावर ही बारीक भोके स्पष्ट दिसतात: दहावी, बारावी आणि पदवी अशा तिन्ही ठिकाणी किमान ६० टक्के, एकही बॅकलॉग शिल्लक नको, शिक्षणात वर्षभराहून अधिक खंड नको. चौथ्या वर्षाला असलेल्या मुलीला दहावीत ५८ टक्के होते म्हणून ती बाद. सहा वर्षांपूर्वीच्या भूगोलाच्या पेपराचा आणि जावा प्रोग्रॅमिंगचा संबंध काय, हे विचारायचे नाही. चाळणीला संबंध लागत नाही, भोक लागते. मोठ्या कंपन्या तर मोजक्या कॉलेजांच्या पुढे जातच नाहीत. पदवीचे कागदावरचे नाव तेच राहते, पण तिचे मोल कॉलेजच्या नावात सरकते.

सरकारी भरतीची चाळणी याहून विचित्र. २०२३ मध्ये तलाठ्यांच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. अर्जामागे शुल्क नऊशे ते हजार रुपये, म्हणजे नुसते अर्जशुल्कच शंभर कोटींच्या घरात. पात्रता कोणत्याही शाखेची पदवी. तलाठ्याला सातबारा, फेरफार, जमीन महसूल, पंचनामे हे सगळे रुजू झाल्यावरच शिकावे लागते. प्राणिशास्त्राच्या किंवा वाणिज्याच्या पदवीचा त्याला उपयोग इतकाच की तिने अर्जाची खिडकी उघडली. पुढची निवड २०० गुणांच्या संगणकीय परीक्षेवर. ती ५७ सत्रांत घ्यावी लागली, सत्रांची काठिण्यपातळी वेगवेगळी म्हणून गुणांचे सामान्यीकरण करावे लागले आणि निकाल लागला तेव्हा पहिल्या उमेदवाराला २०० पैकी २१४ गुण होते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने यात चूक नसेलही. पण दहा लाखांतून साडेचार हजार निवडताना कोणतीही परीक्षा कुवतीपेक्षा नशिबाच्या जवळ जाते, हे त्या १४ जादा गुणांनी दाखवून दिले.

यावर उद्योगजगताकडून ठरलेला आक्षेप येतो: जागा नाहीत हे खोटे, लायक माणसे नाहीत. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीतही कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या दोघांपैकी एक जण थेट नोकरीयोग्य नसतो, असे म्हटले होते. कॉलेजांचा दर्जा बेताचा आहे हे कोणीही नाकारणार नाही. तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या मानधनावर, राबणारे प्राध्यापक, जर्नल उतरवून काढण्यापुरते उरलेले प्रात्यक्षिक, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात विकत घेतलेली 'अपेक्षित' प्रश्नांची पुस्तिका, हे चित्र कोणाला अनोळखी नाही. पण लायकीचा हा दाखला किती लवचीक असतो तेही पाहावे. २००५ साली मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने भारतातले फक्त २५ टक्के अभियंते बहुराष्ट्रीय कंपन्यांत काम करण्यायोग्य असल्याचे सांगितले होते. त्या सुमारास आयटी उद्योगात दहा लाखांच्या आसपास माणसे होती. २०२४ पर्यंत ती ५४ लाखांवर गेली. ही माणसे आकाशातून पडली नाहीत, त्याच 'नालायक' कॉलेजांतून आली. मागणी होती तेव्हा कंपन्यांनी त्यांना महिनोनमहिने पगार देऊन शिकवले. एका कंपनीने तर त्यासाठी म्हैसूरला अख्खे गाव वसवावे तसा परिसर बांधला. मागणी आटली की तीच मुले पुन्हा नोकरीयोग्य राहत नाहीत. २०२३-२४ या एका वर्षात तीन बड्या आयटी कंपन्यांची मिळून मनुष्यसंख्या साठ हजारांहून अधिक घटली. त्याआधी ऑफर लेटर दिलेल्या २०२२ च्या मुलांपैकी काहींना रुजू होण्यासाठी दोन वर्षे थांबावे लागले. या दोन वर्षांत त्यांचे ज्ञान कमी झाले नव्हते, कंपन्यांकडचे काम कमी झाले होते. आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नवख्यांची कामे आणखी घटतील ही भीती रास्त आहे. पण २०२३-२४ ची घट मुख्यतः परदेशी ग्राहकांनी खर्च आवरल्यामुळे झाली. सगळे खापर यंत्रावर फोडले की सोयीचे होते, एवढेच.

दुसरे म्हणणे अमेरिकेतून आलेले आहे: पदवी विसरा, कौशल्य पाहा. तिथल्या अनेक कंपन्यांनी जाहिरातींतून पदवीची अट काढली. मेरीलँड राज्याने २०२२ मध्ये हजारो सरकारी पदांसाठी ती काढली. ऐकायला छान वाटते. प्रत्यक्षात हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये तपासले, तेव्हा या घोषणांचा खरा लाभ वर्षभरातल्या सातशे नेमणुकांमागे एकालाही मिळालेला नव्हता. जाहिरातीतून अट गेली, निवडणाऱ्याच्या मनातून गेली नाही. आपल्याकडे तर पोलीस भरतीने आधीच उत्तर दिले आहे. तिथे पदवीची अट नाहीच, म्हणून रांग काही छोटी झाली नाही. अट काढल्याने बारावी झालेल्याला दार उघडते, ही न्यायाची गोष्ट आहे आणि जिथे कामाला पदवी लागत नाही तिथे ती काढावीच. पण त्याच दारातून पदवीधरही आत घुसतो आणि बारावीवाल्याला मागे ढकलतो. म्हणून पदवी निरुपयोगी झाली म्हणणाऱ्याला विचारावे, ती नसलेल्याचे काय झाले? पूर्वी पदवी माणसाला पुढे नेत असे. आता ती नसेल तर माणूस आणखी मागे पडतो. समाजाच्या दृष्टीने हा तोट्याचा सौदा आहे, आणि तरीही एकट्या घराला तो मोडता येत नाही.

राज्य सरकारनेही नकळत पदवीचा एक भाव जाहीर केला आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. आयटीआय आणि पदवी यांच्यात दोन हजारांचे अंतर. वाट पाहणाऱ्याच्या हातात काही महिने काहीतरी पडते हे बरेच. पण ते महिने संपले की तो पुन्हा रांगेत.

या रांगेत सगळे सारखे थांबत नाहीत. पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ परिसरातल्या अभ्यासिकांत लातूर, बीड, नांदेड, बुलढाण्याकडची मुले वर्षानुवर्षे बसतात. अभ्यासिकेची जागा, कॉट बेसिसवरची खोली, मेस आणि क्लासची फी असा महिन्याचा खर्च गावाकडून येतो. ज्याच्या वडिलांना पगार किंवा बागायती आहे तो चार-पाच प्रयत्न करू शकतो. ज्याच्या घरी कोरडवाहू तीन एकर आहेत त्याला दुष्काळाचे एक वर्ष परत बोलावते. गुण दोघांचे सारखे असले तरी पदवीचे मोल सारखे राहत नाही. मुलींच्या बाबतीत हे अंतर आणखी उघड आहे. 'दोन वर्षे कर अभ्यास, नाही झाले तर स्थळे बघू,' हे वाक्य घराघरांत बोलले जाते. मुलाला अशी मुदत क्वचितच घातली जाते. पस्तिशीनंतर पदवीधरांची बेरोजगारी घटलेली दिसते, त्यातला एक भाग असा की अनेक स्त्रियांनी नोकरी शोधणेच सोडलेले असते आणि जी काम शोधत नाही आणि करायला तयारही नाही ती व्यक्ती बेरोजगारांत मोजली जात नाही. २०२४ पासून महाराष्ट्राने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ केले. निर्णय चांगलाच आहे. मात्र फी माफ झाल्याने पदवी मिळेपर्यंतची वाट सोपी होते, पदवीनंतरची होत नाही.

मग करता येण्यासारखे काय आहे? नोकऱ्या वाढवा म्हणणे बरोबर आहे आणि सोपेही. त्याच्या आधी होण्यासारख्या काही गोष्टी आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षाचे वेळापत्रक आधी जाहीर करतो आणि बहुतांशी पाळतो. राज्यातल्या अनेक भरत्या मात्र जाहिरात कधी निघेल, निकाल कधी लागेल आणि नियुक्तीपत्र कधी हातात पडेल याचा पत्ता लागू देत नाहीत. तारखा पक्क्या झाल्या तर एक वर्ष द्यायचे की नाही हे घर ठरवू शकेल. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप आणि प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक आले आहेत. ते ओळखीच्या दुकानाचे प्रमाणपत्र जोडून भरले जाणार नाहीत एवढे पाहिले, तरी वाट पाहण्याचा काही काळ पदवीच्या आतच संपेल.

याहून स्वस्त उपाय माहितीचा आहे. कोणत्या कॉलेजात किती जागा, फी किती, कट-ऑफ कितीवर बंद झाला, हे सगळे प्रवेशाच्या वेळी कळते. पदवीदान समारंभानंतर त्या मुलाचे काय झाले, हे विद्यापीठाला माहीत नसते. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना नोकरी लागलेल्यांची संख्या आणि मध्यम पगार कळवावा लागतो, पण तालुक्याच्या ठिकाणची बहुतेक कॉलेजे त्या क्रमवारीत नसतातच, आणि कळवलेला आकडा संस्थेचा स्वतःचाच असतो. ब्रिटनमध्ये शिक्षणाच्या नोंदी करखात्याच्या नोंदींशी जोडून कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या शाखेचे पदवीधर काही वर्षांनी किती कमावतात हे प्रसिद्ध केले जाते. अमेरिकेत २०१५ पासून सरकारी संकेतस्थळावर तशी माहिती मिळते. आपल्याकडे भविष्यनिर्वाह निधीचे खाते आधारशी जोडलेले आहे आणि विद्यार्थ्याचे श्रेयांक नोंदवणारी श्रेयांकपेढीही (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स). नावे उघड न करता या दोन नोंदी जुळवल्या, तर पदवीनंतर पहिला पगार यायला सरासरी किती महिने लागले, हे कॉलेजवार आणि शाखावार काढता येईल. छोट्या दुकानात किंवा स्वतःच्या धंद्यात असलेले यातून सुटतील, हे खरे. त्यांच्यासाठी विद्यापीठाने नमुना पाहणी करावी. हा आकडा प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत फीच्या शेजारी छापायला हवा.